कढईतले तेल आणि ट्रकचे इंजिन

वापरलेल्या खाद्यतेलावर डिझेल ट्रक चालतो का? चालतो म्हणणारे आहेत, इंजिन बसले म्हणणारेही आहेत आणि दोघांचाही अनुभव खरा असू शकतो. डिझेलच्या टाकीत गाळलेले तेल ओतून सेल्फ मारला, तर उन्हाळ्याच्या दिवसांत जुने इंजिन बहुधा सुरू होते. धुराला तळणाचा वास येतो आणि ट्रक रस्त्याला लागतो. पण तेवढ्यावरून निष्कर्ष काढणे घाईचे ठरते. होणारे नुकसान पहिल्या दिवशी दिसत नाही. ते नोझलच्या टोकावर, पिस्टन रिंगांच्या खाचांत आणि चेंबरमधल्या, म्हणजे इंजिनाच्या तळच्या पात्रातल्या, ऑइलमध्ये साचत जाते. म्हणून प्रश्न नीट मांडायला हवा: कोणते तेल, कोणत्या अवस्थेतले, कोणत्या इंजिनात आणि किती काळ?

या विवेचनाची मांडणी अशी आहे. तेल आणि इंजिन यांचे जुळवायचे तर दोघांपैकी एकाला बदलावे लागते. इंधनयंत्रणा बदलून तेल तापवत वापरण्याचा मार्ग मोजक्या जुन्या इंजिनांपुरता खुला आहे. तेलाचेच बायोडिझेल करण्याचा मार्ग मात्र बहुतेक ट्रकांसाठी योग्य आहे. आणि दोन्ही मार्गांचे यश एकाच गोष्टीवर ठरते, ती म्हणजे तेल कढईतून केव्हा उतरवले.

१. पूर्वपीठिका

वनस्पती तेल हे डिझेल इंजिनासाठी उपरे नाही. रुडॉल्फ डिझेल यांच्या हयातीतच, १९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनात, एक छोटे डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवण्यात आले होते. आफ्रिकेतल्या वसाहतींत भुईमूग भरपूर पिकतो, तेव्हा तिथली यंत्रे तिथल्याच तेलावर चालावीत, हा फ्रेंच सरकारचा त्यामागचा विचार होता. १० ऑगस्ट हा दिवस आता जागतिक जैवइंधन दिन म्हणून पाळला जातो. ती तारीख १८९३ साली ऑग्सबर्गमध्ये झालेल्या डिझेल यांच्या प्रायोगिक इंजिनाच्या पहिल्या चाचणीची आहे. शेंगदाणा तेलाचा प्रयोग त्यानंतरचा.

अवजड वाहनांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची घटना बेल्जियममधली आहे. ब्रुसेल्स विद्यापीठातल्या शावान यांना १९३७ साली वनस्पती तेलाचे एस्टर करून ते इंधन म्हणून वापरण्याचे पेटंट मिळाले आणि १९३८ साली ब्रुसेल्स ते लूव्हेन या मार्गावर पामतेलाच्या एस्टरवर प्रवासी बस धावली. तेल तसेच न जाळता आधी त्याचे रासायनिक रूप बदलावे, ही आजच्या बायोडिझेलची मूळ कल्पना तिथे प्रत्यक्ष रस्त्यावर आली. पुढे स्वस्त खनिज डिझेलमुळे दोन्ही प्रयोग मागे पडले. दरम्यान इंजिने पातळ, स्वच्छ, प्रमाणित डिझेल गृहीत धरून अधिकाधिक काटेकोर होत गेली. त्यामुळे शंभर वर्षांपूर्वी एखादे इंजिन शेंगदाणा तेलावर चालले, हा आजच्या ट्रकसाठी पुरावा ठरत नाही.

२. दोन द्रवांतला फरक

डिझेल हे मुख्यतः हायड्रोकार्बनचे मिश्रण आहे. खाद्यतेल म्हणजे ट्रायग्लिसराइड: ग्लिसरीनच्या एका कण्याला मेदाम्लांच्या तीन लांब साखळ्या जोडलेल्या. त्याचा रेणुभार ८८०च्या आसपास असतो, म्हणजे डिझेलच्या सरासरी रेणूच्या कितीतरी पट. बाकीचे सगळे फरक या बोजड रेणूतून निघतात.

पहिला फरक दाटपणाचा, शास्त्रीय भाषेत श्यानतेचा. ४० अंश सेल्सियसला डिझेलची श्यानता २ ते ४.५ सेंटिस्टोक असते. त्याच तापमानाला खाद्यतेलाची ३० ते ४०. तळून झालेल्या तेलाची त्याहूनही अधिक भरू शकते. दुसरा फरक पेट घेण्याच्या तत्परतेचा. डिझेलचा सीटेन अंक किमान ५१ लागतो. कच्च्या, म्हणजे प्रक्रिया न केलेल्या खाद्यतेलाचा साधारण ३५ ते ४२ असतो. म्हणजे सिलिंडरमध्ये फवारल्यावर ते उशिरा पेटते. तिसरा फरक बाष्पीभवनाचा. तेलाचा प्रज्वलनांक २०० अंशांच्या वर असतो. साठवणुकीच्या दृष्टीने ही गोष्ट सुरक्षित आहे, पण ज्वलनाच्या दृष्टीने गैरसोयीची, कारण तेल सहज वायुरूप होत नाही.

ऊर्जेच्या बाबतीत मात्र तेल फारसे कमी पडत नाही. किलोमागे ते डिझेलच्या सुमारे १२ ते १३ टक्के मागे आहे. पण घनता जास्त असल्याने लिटरमागे तूट ५-६ टक्क्यांवर येते: डिझेलचे सुमारे ३६ मेगाज्यूल, तेलाचे सुमारे ३४. म्हणजे तेलात दम नाही हा आक्षेप खरा नाही. अडचण ती ऊर्जा वेळेवर आणि पूर्ण मोकळी करण्याची आहे.

३. इंजिनात काय बिघडते

पंप आणि फिल्टरपासून सुरुवात करू. टाकीतून तेल ओढताना दाटपणामुळे फिल्टरवर ताण येतो, पंपाला पुरेसा पुरवठा होत नाही, लाइनमध्ये हवा शिरते आणि चढावर ट्रक दम सोडतो. पंपाचा प्लंजर आणि त्याचे बॅरल यांच्यात दोन-चार मायक्रॉनची फट असते. डिझेल हेच तिथले वंगण आणि शीतक. त्या फटीत बेसनाचा सूक्ष्म कण किंवा पाण्याचा थेंब गेला तर घासण आणि गंज दोन्ही सुरू होतात.

पुढची पायरी नोझलची. नाशिकच्या मायको, म्हणजे आताच्या बॉश, कारखान्यामुळे हा भाग महाराष्ट्राच्या ओळखीचा आहे. नोझलचे काम इंधनाचे बारीक तुषार करणे. दाट द्रवाचे थेंब मोठे होतात, फवारा अरुंद आणि लांब जातो, काही थेंब पिस्टनवर आणि सिलिंडरच्या भिंतीवर आपटतात. अर्धवट जळलेले तेल नोझलच्या छिद्रांभोवती कडक कोक होऊन बसते. कॅलिब्रेशनच्या दुकानात हे डोळ्यांनी पाहता येते. नोझल टेस्टरवर बसवून हँडल दाबला की काटा चढतो आणि ठरलेल्या दाबाला नोझल उघडते. जुन्या इंजिनांत हा दाब बहुधा २००-२५० बार असतो. चांगले नोझल कर्र असा आवाज करत सगळ्या छिद्रांतून सारखे धुके सोडते. कोक बसलेले नोझल मुके असते; एका छिद्रातून धार येते, दुसरे बंद असते आणि टोकाला थेंब लोंबत राहतो. तो लोंबणारा थेंब पुन्हा अर्धवट जळतो आणि कोक आणखी वाढतो. नुकसान स्वतःच स्वतःला पोसू लागते.

सर्वांत महागडी पायरी मात्र वंगणाची आहे आणि तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष जाते. भिंतीवर आपटलेले न जळलेले तेल रिंगांवरून खाली उतरून चेंबरमधल्या ऑइलमध्ये मिसळते. डिझेल असे उतरले तर इंजिनाच्या उष्णतेने त्यातला बराच भाग उडून जातो. खाद्यतेल उडत नाही. ते उष्णता, हवा आणि धातूंच्या संगतीत बहुलक होते, म्हणजे त्याचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन ऑइल आधी घट्ट आणि मग जेलीसारखे होते. ऑइलच्या वाटा तुंबल्या की बेअरिंग आणि क्रँक कोरडे पडतात. हा बिघाड हळूहळू कुरकुरत येत नाही. इंजिन एकदम धरते. म्हणून तेलावर चालणाऱ्या इंजिनात डिपस्टिकवरची पातळी वाढणे ही गंभीर सूचना मानावी आणि ऑइल बदलण्याचे अंतर निम्म्यावर आणावे.

४. कढईत तेलाचे काय होते

आतापर्यंतचे वर्णन ताज्या तेलाचे होते. वापरलेले तेल त्याच्या पुढच्या अवस्थेत असते. तळण १७० ते १९० अंशांना चालते. तिथे तीन क्रिया एकाच वेळी होतात. वडा किंवा भजी तेलात सोडताच त्यांतले पाणी ट्रायग्लिसराइड तोडते आणि मुक्त मेदाम्ले तयार होतात. हवेतला ऑक्सिजन साखळ्यांवर हल्ला करतो. आणि दीर्घ उष्णतेने रेणू जोडले जाऊन तेल दाट, काळपट, फेसाळ होते. याशिवाय बेसन, पीठ, मीठ आणि मसाल्याचे कण त्यात राहतात.

इंजिनाच्या भाषेत या प्रत्येकाचा अर्थ वेगळा आहे. मुक्त मेदाम्ले पंपातल्या धातूला खातात आणि बायोडिझेल करताना साबण बनवतात. बहुलके फवारा बिघडवतात आणि कोक वाढवतात. मीठ आणि पाणी मिळून गंज आणतात. पिठाचे कण फिल्टर तुंबवतात. म्हणजे काळे पडेपर्यंत वापरलेले तेल निव्वळ घाण झालेले नसते; रासायनिकदृष्ट्या तो वेगळाच पदार्थ झालेला असतो. घाण गाळता येते. रेणूंतला बदल कोणत्याही फडक्यातून गाळता येत नाही.

या बदलाचे माप उपलब्ध आहे. त्याला एकूण ध्रुवीय संयुगे म्हणतात आणि ते हातात धरायचा मीटर तेलात बुडवून मोजता येते. १ जुलै २०१८ पासून एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने त्याची मर्यादा २५ टक्के ठरवली आहे. त्यापुढचे तेल खाद्यपदार्थासाठी वापरता येत नाही. हा नियम खाणाऱ्याच्या आरोग्यासाठी केला आहे. पण नेमक्या त्याच टप्प्यावर उतरवलेले तेल इंधनासाठीही वापरण्याजोगे असते. ग्राहकाचे हित आणि इंजिनाचे हित इथे एकाच आकड्यावर येऊन मिळते.

५. गोठणे की चिकटणे

कोणत्या बियांचे तेल आहे हाही मुद्दा तितकाच निर्णायक आहे. मेदाम्लांच्या साखळीत दुहेरी बंध किती आहेत हे आयोडीन मूल्यावरून कळते. खोबरेलाचे ते ७ ते १०, पामतेलाचे ५० ते ५५, शेंगदाण्याचे साधारण ८५ ते १००, सरकीचे १००च्या थोडे वर, सोयाबीनचे १२० ते १३९, करडईचे १४०च्या आसपास आणि जवसाचे १७०च्या पुढे.

मूल्य कमी असले तर तेल टिकाऊ असते, चिकटा धरत नाही. पण थंडीत गोठते. मूल्य जास्त असले तर ते थंडीतही पातळ राहते. पण हवेत आणि उष्णतेत चटकन चिकट होते. जवसाचे तेल रंग आणि वॉर्निशमध्ये वापरतात ते याच गुणामुळे, आणि याच गुणामुळे ते इंजिनात नको. दोन्ही फायदे एका तेलात मिळत नाहीत.

आपल्याकडच्या हॉटेलांत आणि फरसाणच्या भट्ट्यांवर पामोलीन मोठ्या प्रमाणावर वापरले जाते. ते १० अंशांच्या आसपास धूसर होऊ लागते. मुंबई-कोकणात ही अडचण क्वचित येईल. पण निफाडच्या जानेवारीतल्या पहाटे उभ्या ट्रकच्या टाकीत पामोलीन असेल तर फिल्टर मेणाने बुजलेला सापडेल. त्यात वनस्पती तूप मिसळले असेल तर गोठण्यासाठी तेवढ्या थंडीचीही गरज नाही. उलट करडई किंवा सोयाबीनचे तेल थंडीत वाहते, पण महिनोन्महिने पिंपात ठेवले तर झाकणाच्या कडांवर चिकट थर धरते. म्हणून साठवणुकीत तेलाचा उगम लिहून ठेवणे, पिंपे भरलेली आणि बंद ठेवणे आणि तांबे, पितळ किंवा जस्ताचा मुलामा असलेली भांडी टाळणे आवश्यक आहे. हे धातू तेलाचे ऑक्सिडीकरण वेगाने घडवून आणतात.

६. पहिला मार्ग: इंधनयंत्रणा बदलणे

तेल तापवले की दाटपणा उतरतो. ४० अंशांना ३५ सेंटिस्टोक असणारे तेल ८० अंशांना सुमारे १२ आणि १०० अंशांना ८वर येते. दोन टाक्यांची पद्धत यावरच आधारलेली आहे. एका टाकीत डिझेल, दुसरीत तेल. इंजिन डिझेलवर सुरू करायचे. रेडिएटरचे पाणी तापले की तेच पाणी तेलाच्या टाकीतून, लाइनमधून आणि फिल्टरभोवतून फिरवून तेल ७०-८० अंशांवर आणायचे आणि मग व्हॉल्व्ह फिरवून तेलावर जायचे. थांबण्यापूर्वी काही मिनिटे पुन्हा डिझेलवर यायचे, म्हणजे पंपात आणि नोझलमध्ये तेल थंड होऊन बसत नाही. रिटर्न लाइनही बदलावी लागते, नाहीतर परतणारे तेल डिझेलच्या टाकीत जाऊन सगळी योजनाच फसते.

या पद्धतीची मर्यादा आकड्यांतच दिसते. ८० अंशांचे तेलसुद्धा डिझेलच्या तिप्पट-चौपट दाट असते. शिवाय तापवल्याने दाटपणा उतरतो, पण सीटेन अंक, बाष्पीभवन आणि बहुलके बनण्याची प्रवृत्ती तशीच राहते. म्हणून ही पद्धत फक्त लांब पल्ल्याच्या, भार घेऊन सलग चालणाऱ्या, तापलेल्या इंजिनात बरी चालते. शहरात दर दोन किलोमीटरवर थांबणाऱ्या, ताटकळत आयडलिंग करणाऱ्या गाडीत सिलिंडर पुरेसा तापतच नाही. तिथे ही पद्धत इंजिनाला मारक आहे. डिझेलमध्ये दहा-वीस टक्के तेल मिसळण्याचा सोपा उपायही याच वर्गातला. मिश्रण पातळ होते, पण तेलाचा तो भाग तेलच राहतो. नुकसान टळत नाही, लांबते.

जर्मनीने या मार्गाचा सर्वांत गंभीर अभ्यास केला. लुडविग एल्सबेट यांनी वनस्पती तेलासाठी खास इंजिने रचली. २००१ ते २००५ या काळात शंभराहून अधिक ट्रॅक्टर रेपसीड तेलावर चालवून त्यांची तपासणी झाली. त्यातून दिसलेली मुख्य गोष्ट म्हणजे यश इंजिनाच्या प्रकारावर आणि तेलाच्या दर्जावर अवलंबून असते. काही ट्रॅक्टर निर्धोक चालले, काहींचे इंजिन दुरुस्तीला काढावे लागले. पुढे तेलासाठी स्वतंत्र मानकही आले: ४० अंशांना श्यानता कमाल ३६, पाणी किलोमागे कमाल ७५० मिलिग्रॅम, घनकण कमाल २४ मिलिग्रॅम. हे मानक ताज्या रेपसीड तेलासाठी आहे. कढईतल्या तेलाने ते गाठणे किती अवघड आहे, ते यावरून समजावे.

तरीही कोणी हा मार्ग घेतला तर तेलाची तयारी अटळ आहे. तेल कोमट करून काही आठवडे स्थिर ठेवायचे, वरचे नितळ तेवढे घ्यायचे, तळाचा गाळ कधीही ढवळायचा नाही. मग जाड कापड, नंतर पाच आणि शेवटी एक मायक्रॉनचा फिल्टर. पाणी आहे की नाही हे पाहण्याची साधी चाचणी तवाच देतो. चांगल्या तापलेल्या तव्यावर उघड्या जागेत, चेहरा दूर ठेवून तेलाचे दोन-चार थेंब सोडावेत. तडतडले किंवा बारीक बुडबुडे आले तर पाणी आहे. शांत पसरले तर तेल पुढे न्यायला हरकत नाही.

७. दुसरा मार्ग: तेल बदलणे

बायोडिझेल करताना बोजड रेणू तोडला जातो. ट्रायग्लिसराइड आणि मिथेनॉल यांची अल्कलीच्या साहाय्याने ५५-६० अंशांना क्रिया घडवली की ग्लिसरीनचा कणा सुटतो आणि तिन्ही साखळ्या स्वतंत्र मिथिल एस्टर होतात. ८८०चा रेणू २९५च्या आसपासच्या तिघांत विभागला जातो. १०० किलो तेलाला सुमारे ११ किलो मिथेनॉल खर्च होते. सुमारे १०० किलो बायोडिझेल आणि १० किलो ग्लिसरीन मिळते. क्रिया पूर्ण व्हावी म्हणून मिथेनॉल दुप्पट घालतात आणि उरलेले परत मिळवतात. परिणाम असा की श्यानता ३५-४०वरून ४-५ सेंटिस्टोकवर येते आणि सीटेन अंक डिझेलच्या बरोबरीला पोहोचतो. तापवण्याने जे अर्धवट साधत होते ते इथे मुळातून साधते.

वापरलेल्या तेलात इथली कळीची पायरी म्हणजे आम्लाचे मोजमाप. एक मिलिलिटर तेल दहा मिलिलिटर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये विरघळवून, फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब घालून, लिटरला एक ग्रॅम या प्रमाणात केलेले कॉस्टिक सोड्याचे द्रावण थेंबाथेंबाने सोडतात. गुलाबी रंग टिकला की थांबायचे. ताज्या तेलाला लिटरमागे साधारण ३.५ ग्रॅम कॉस्टिक लागतो. त्यात जितके मिलिलिटर द्रावण खर्ची पडले तितके ग्रॅम मिळवायचे. तेल जितके जळके, तितका कॉस्टिक जास्त, तितका साबण जास्त आणि साबणाबरोबर वाहून जाणारे चांगले तेलही जास्त. मुक्त मेदाम्ले दोन-तीन टक्क्यांच्या पुढे गेली तर आधी आम्लाची वेगळी प्रक्रिया करावी लागते आणि खर्च चढतो. कढईत तेल आणखी दोन दिवस ओढण्याची काटकसर इथे अशी वसूल होते.

क्रिया पूर्ण झाली का, हे पाहण्याचीही साधी चाचणी आहे. २७ मिलिलिटर मिथेनॉलमध्ये ३ मिलिलिटर बायोडिझेल घालून हलवायचे. पूर्ण विरघळले तर ठीक. तळाशी तेलाचा थेंब बसला तर तेवढे तेल अजून तेलच आहे. अर्थात विक्रीयोग्य इंधनाला प्रयोगशाळाच लागते. आयएस १५६०७ या भारतीय मानकात श्यानता ३.५ ते ५, पाणी किलोमागे कमाल ५०० मिलिग्रॅम, आम्लांक कमाल ०.५० आणि एकूण ग्लिसरॉल कमाल ०.२५ टक्के अशा अटी आहेत.

घरच्या अंगणात हा उद्योग करू नये, असे स्पष्ट सांगितले पाहिजे. मिथेनॉल विषारी आहे, थोडे पोटात गेले तरी दृष्टी किंवा जीव जाऊ शकतो. त्याची ज्योत दिवसाउजेडी दिसत नाही. मिथेनॉलमिश्रित ग्लिसरीन आणि धुण्याचे साबणपाणी गटारात सोडणे हाही गुन्हाच आहे, निसर्गाचा आणि शेजाऱ्यांचा. बंद यंत्रणा, मिथेनॉल परत मिळवण्याची सोय आणि प्रशिक्षित माणसे असलेल्या कारखान्याचेच हे काम आहे.

८. कोणता ट्रक?

इंजिनांचे तीन वर्ग पडतात. पहिला, पूर्वकक्षाच्या इंजिनांचा. यात इंधन आधी छोट्या, अतिशय तप्त कक्षात पेटते. त्यामुळे फवारा ढोबळ असला तरी निभावते. १९५४ साली टेल्को आणि डाइमलर-बेंझ यांच्या सहकार्याने निघालेल्या सुरुवातीच्या ट्रकांची इंजिने या घडणीची होती. ती आता रस्त्यावर जवळजवळ नाहीत. दुसरा वर्ग थेट फवाऱ्याच्या, यांत्रिक पंपाच्या इंजिनांचा, म्हणजे अनेक वर्षे आपल्या महामार्गांवर राज्य केलेले ट्रक. ही इंजिने तापवलेले तेल काही काळ सोसतात, पण कोक आणि वंगणाचा धोका कायम असतो. बायोडिझेलचे मिश्रण मात्र ती सहज पेलतात.

तिसरा वर्ग कॉमन रेलचा. इथे दाब हजार-दोन हजार बारपर्यंत जातो, एका ज्वलनात अनेक सूक्ष्म फवारे होतात. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मध्ये काजळी अडवणारे फिल्टर आणि उत्प्रेरकही आले. कच्च्या तेलातला फॉस्फरस आणि धातूंचे क्षार त्या उत्प्रेरकाला निकामी करतात. काही इंजिनांत फिल्टरमधली काजळी जाळण्यासाठी सिलिंडरमध्ये उशिरा जादा इंधन सोडतात. सहज न उडणारे इंधन त्या वेळी थेट चेंबरमध्ये उतरते. म्हणून या ट्रकांत कच्चे तेल एक लिटरही घालू नये, आणि बायोडिझेलही उत्पादकाने मान्य केलेल्या प्रमाणापलीकडे नको.

जुन्या ट्रकला बायोडिझेल देतानाही दोन गोष्टी पाळाव्यात. ते चांगले द्रावक असल्याने टाकीत वर्षानुवर्षे बसलेला गाळ सोडवते; पहिल्या काही टाक्यांनंतर फिल्टर तुंबणारच, तेव्हा जादा फिल्टर जवळ ठेवावा. आणि जुने रबरी पाइप फुगतात, ते आधीच बदलावेत.

९. धूर

धुराचा ताळेबंद एकतर्फी नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००२ साली अवजड इंजिनांवरच्या उपलब्ध चाचण्यांचे एकत्र विश्लेषण केले. शुद्ध बायोडिझेलने सूक्ष्मकण आणि कार्बन मोनॉक्साइड जवळपास निम्मे झाले. नायट्रोजनची ऑक्साइडे मात्र सुमारे १० टक्के वाढली. ही आकडेवारी जुन्या इंजिनांची आहे. वीस टक्के मिश्रणात हे फायदे-तोटे त्याच दिशेने, पण कमी प्रमाणात दिसतात. गंधक खाद्यतेलात आणि बायोडिझेलमध्ये जवळजवळ नसते. नीट न जळणाऱ्या कच्च्या तेलाला मात्र हे श्रेय देता येत नाही. कोक बसलेल्या नोझलचा ट्रक कोणत्याही इंधनावर घाणच धूर सोडतो.

१०. हिशोब

एक ट्रक दिवसाला ३०० किलोमीटर धावतो आणि लिटरला ४ किलोमीटर देतो असे धरू. रोज ७५ लिटर डिझेल. तेवढ्याच ऊर्जेसाठी सुमारे ८० लिटर स्वच्छ तेल लागेल. गाळ, पाणी आणि साबण यांत पंधरा-वीस टक्के जातील असे मानले तर जमवायला हवे ९५ ते १०० लिटर, म्हणजे १५ किलोचे सहा डबे, रोज. एका उपाहारगृहातून दिवसाला पाच लिटर तेल निघते असे धरले तर एका ट्रकमागे वीस उपाहारगृहे बांधावी लागतात. गोळा करायला फिरणाऱ्या टेम्पोचे डिझेल, माणसाचा पगार, वेळ आणि दर महिन्याचे फिल्टर-ऑइल हे त्यावर. वापरलेले तेल आता फुकटही मिळत नाही. त्याला बाजारभाव आहे. एकट्या ट्रकमालकाला हा हिशोब क्वचितच बसतो.

उपाहारगृहांच्या साखळीला मात्र तो बसू शकतो. मॅकडोनाल्डने ब्रिटनमध्ये २००७ साली आपल्याच स्वयंपाकघरांतल्या तेलाचे बायोडिझेल मालवाहू गाड्यांत वापरण्याची योजना जाहीर केली. मुंबईतही या साखळीच्या तेलाचे बायोडिझेल तिच्याच पुरवठ्याच्या ट्रकांत गेले. तिथे तेल एकाच दर्जाचे, ते कधी बदलायचे याचा नियम ठरलेला, आणि माल पोहोचवणारा ट्रक परत येताना तेल आणणारा. स्वतंत्र गोळाफेरीच लागत नाही.

देशाच्या पातळीवर पाहू. एफएसएसएआयचा २०१८ सालचा अंदाज होता की २०२२ पर्यंत वर्षाला सुमारे २२० कोटी लिटर वापरलेले तेल बायोडिझेलसाठी मिळू शकेल. आपला डिझेलचा वार्षिक खप सुमारे ९ कोटी टन, म्हणजे साधारण १०,८०० कोटी लिटर आहे. तेव्हा सगळे तेल गोळा झाले तरी वाटा दोन टक्क्यांचा. २०१८ च्या जैवइंधन धोरणात २०३० पर्यंत पाच टक्के मिश्रणाचे लक्ष्य आहे. एकटे कढईचे तेल ते गाठू शकणार नाही. वापरलेले तेल डिझेलला पर्याय आहे, असे म्हणणाऱ्यांनी हा आकडा समोर ठेवावा.

११. संकलन हाच गाभा

मग एवढा खटाटोप दोन टक्क्यांसाठी कशाला? कारण ते तेल ट्रकमध्ये गेले नाही तर ते कुठे जाते हे पाहावे लागते. मोठ्या हॉटेलने टाकलेले तेल व्यापाऱ्यामार्फत स्वस्तात छोट्या विक्रेत्याच्या कढईत पोहोचते आणि ते खाणारा बहुधा सर्वांत कमी पैशांत पोट भरणारा असतो. उरलेले गटारात जाऊन नळ तुंबवते. हे थांबवण्यासाठीच २०१८ साली ‘रुको’ ही योजना सुरू झाली. रोज ५० लिटरहून अधिक तेल वापरणाऱ्या व्यावसायिकांना तेलाची नोंद ठेवणे मार्च २०१९ पासून बंधनकारक झाले. पण आपले बहुतेक तळण त्याखालच्या गाड्या, खाणावळी आणि मंगल कार्यालयांत होते. तिथवर नोंदवही पोहोचत नाही. तिथे नेमाने येणारा गोळा करणारा माणूस आणि रोख भाव हवा. तोही तेलाच्या दर्जानुसार. ध्रुवीय संयुगांच्या मीटरवर कमी आकडा दाखवणाऱ्या तेलाला जास्त दर दिला, तर तेल वेळेवर उतरवणे विक्रेत्याच्याच फायद्याचे होईल.

दुसऱ्या टोकाला भेसळ आहे. महामार्गांवर बायोडिझेलच्या नावाखाली औद्योगिक तेले विकल्याची प्रकरणे उघड झाली आहेत. अशा पंपावरचे स्वस्त इंधन घेणारा ट्रकमालक नोझल, पंप आणि विमा तिन्ही पणाला लावतो. नोंदणीकृत विक्रेता आणि मानकाचे प्रमाणपत्र याशिवाय बायोडिझेल घेऊ नये. स्वतःच दुसरी टाकी बसवणाऱ्यानेही मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ वाचावे. नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारे फेरफार त्यात निषिद्ध आहेत.

निष्कर्ष

कच्चे वापरलेले तेल आजच्या ट्रकमध्ये घालू नये. जुन्या यांत्रिक इंजिनात ते तापवून वापरणे शक्य आहे, पण ते जाणकाराच्या देखरेखीखालचे, मर्यादित आणि आर्थिकदृष्ट्या नाजूक काम आहे. बायोडिझेल हा योग्य मार्ग आहे, तो कारखान्यात, मानकानुसार आणि डिझेलमध्ये मिसळून. त्याचे प्रमाण देशाच्या गरजेपुढे लहान राहील, हे मान्य करूनच त्यासाठी झटावे. कारण यातून वाचणारे डिझेल हा या कामाचा दुय्यम लाभ आहे. पहिला लाभ असा की पंचवीस टक्क्यांची रेषा ओलांडलेल्या तेलाला कढईबाहेर जाण्याची एक कायदेशीर, पैसे देणारी वाट मिळते. ती वाट जितकी रुंद होईल, तितके आपले खाणे सुरक्षित होईल. म्हणून ट्रकवाल्यांनी स्वस्त तेलाच्या मागे न लागता प्रमाणित बायोडिझेलची मागणी करावी, हॉटेलवाल्यांनी तेल वेळेवर उतरवावे आणि नगरपालिकांनी कचऱ्याप्रमाणे तेलाचेही वॉर्डवार संकलन सुरू करावे. यासाठी लागणारी रसायनविद्या १९३८ पासून सिद्ध आहे. कमी आहे ती गोळा करण्याच्या शिस्तीची.